छंद म्हणून पोकर खेळणाऱ्याला आपण सुधारतोय की नाही हे कसं कळणार?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही पुण्यात नोकरी करता, वर्षातून तीन-चार वेळा मित्रांबरोबर गोव्याला जाऊन १००/२००च्या टेबलावर (म्हणजे दर डावाला दोघांना आधीच सक्तीने लावावे लागणारे पैसे, ‘ब्लाइंड’, १०० आणि २०० रुपये) टेक्सस होल्डेम हा पोकरचा प्रकार खेळता (प्रत्येकाला दोन बंद पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच उघडी), एरवी घरी नुसत्या चिप्सवर डाव मांडता. जिंकलेल्या-हरलेल्या पैशांची एक्सेल शीट ठेवली आहे. पहिल्या दोन फेऱ्या फायद्यात गेल्या, नंतरच्या तीन लागोपाठ तोट्यात. आता टेबलावर बसलं की हात कापतात आणि चांगली पानं आली तरी पैसे लावायचा धीर होत नाही. आपण सुधारतोय की बिघडतोय, आत्मविश्वास परत कसा आणायचा, आणि मोठ्या टेबलावर कधी बसायचं, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मीही बरीच वर्षं असाच हौसेने खेळतो. पोटापाण्याचा धंदा वेगळा आहे. माझं पहिलं सांगणं हेच की त्या शीटवरून स्वतःचा खेळ जोखणं आजपासून थांबवा. शीट ठेवायची, पण ती वेगळ्या कामासाठी. त्याबद्दल पुढे लिहितो.

हिशोब करूनच दाखवतो. पोकरमध्ये नफा-तोटा बिग ब्लाइंडमध्ये (दोन ब्लाइंडपैकी मोठा, तुमच्या टेबलावर २०० रुपये) मोजतात, दर १०० डावांमागे किती असा. डीलर हाताने पत्ते वाटतो तिथे तासाला २५ ते ३० डाव होतात. एका फेरीत तुम्ही बारा तास बसलात तर साधारण ३५० डाव झाले. आता समजा तुम्ही खरोखरच चांगले खेळाडू आहात आणि दर १०० डावांमागे ५ बिग ब्लाइंड कमावता. १००/२००च्या टेबलावर ही कमाई फेरीमागे सरासरी साडेतीन हजार रुपये भरते. आणि नशिबाचा चढउतार किती? नो-लिमिट होल्डेममध्ये (पुढ्यातले सगळे पैसेही एकदम लावता येतात असा प्रकार) १०० डावांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनचा नेहमीचा चढउतार, ८० ते १०० बिग ब्लाइंडच्या घरात असतं. मधलं ९० धरलं तर ३५० डावांना ते १६८ बिग ब्लाइंड होतं, म्हणजे जवळपास ३४ हजार रुपये.

साडेतीन हजारांचं कौशल्य आणि चौतीस हजारांचं नशीब. यातून असं निघतं की हा चांगला खेळाडू शंभरातल्या सुमारे ४६ फेऱ्यांमधून तोटा घेऊनच घरी येणार. आणि दर १०० डावांमागे ५ बिग ब्लाइंड घालवणारा कच्चा खेळाडू शंभरातल्या तेवढ्याच फेऱ्यांमध्ये खिसा भरून येणार. तुमच्या पाच फेऱ्या या दोघांपैकी कुणाच्याही असू शकतात. सुरुवातीच्या दोन फायद्याच्या फेऱ्यांनी काही सिद्ध झालं नव्हतं, तसं नंतरच्या तीन तोट्याच्या फेऱ्यांनीही काही सिद्ध झालेलं नाही.

मग किती डाव खेळल्यावर पैशांवरून खात्री पटेल? याच आकड्यांनी ९५ टक्के खात्री हवी असेल तर सुमारे सव्वा लाख. वर्षाला चार फेऱ्या, म्हणजे १४०० डाव धरले, तर जवळजवळ ९० वर्षं. ऑनलाइन खेळणाऱ्यांना एकाच वेळी चार टेबलं उघडून हा आकडा वर्षभरात गाठता यायचा. पण ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केल्यापासून पैसे लावून ऑनलाइन खेळणं, मग तो कौशल्याचा खेळ असो की नशिबाचा, आपल्याकडे बंद आहे. त्यामुळे तुमच्या-माझ्यासारख्यांकडे मोठा नमुना जमणारच नाही, हे एकदा मनाशी पक्कं करून टाकावं.

हे मी फुगवून सांगतोय असं वाटत असेल तर २०१५ सालची गोष्ट बघा. अमेरिकेत पिट्सबर्गच्या रिव्हर्स कॅसिनोमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘क्लॉडिको’ या संगणक प्रोग्रॅमविरुद्ध चार कसलेले व्यावसायिक खेळाडू बसले. एकास एक असे एकूण ८०,००० डाव झाले. नशिबाचा वाटा कमी करायला एका खेळाडूला मिळालेली पानं दुसऱ्या खेळाडूच्या सामन्यात प्रोग्रॅमला द्यायची, अशी उलटापालटही केली होती. शेवटी माणसं ७,३२,७१३ चिप्सनी पुढे होती. तरीही संशोधकांनी निकाल संख्याशास्त्राच्या दृष्टीने बरोबरीचा ठरवला. त्यांची ही बाजू सर्वांना पटली असं नाही, पण ८०,००० डाव आणि एवढी काळजी घेऊनही वादाला जागा उरते हे महत्त्वाचं. पुढे २०१७मध्ये त्याच विद्यापीठाच्या ‘लिब्रॅटस’ या प्रोग्रॅमने १,२०,००० डावांमध्ये दर १०० डावांमागे १४.७ बिग ब्लाइंड अशा फरकाने माणसांना हरवलं, तेव्हा कुठे शंका उरली नाही. तुम्ही मात्र पाच फेऱ्यांच्या जेमतेम १७५० डावांवरून स्वतःला नापास करून मोकळे झालात.

तर मोजायचं काय? जे तुमच्या हातात आहे ते. पत्ता कुठला येईल हे तुमच्या हातात नाही. पत्ता यायच्या आधी तुम्ही काय केलं आणि का केलं, हे शंभर टक्के तुमच्या हातात आहे.

त्यासाठी वही ठेवा, मोबाइलमधली नोंदवही चालेल. बऱ्याच ठिकाणी डाव चालू असताना फोनला हात लावू देत नाहीत, म्हणून पानं टाकून दिल्यावर दोन ओळी खरडायच्या. बसल्या बैठकीला पाच डाव पुरेत, पण ज्यात निर्णय अवघड होता तेच. एक्के हातात असताना समोरच्याच्या राजांनी मारलं, हा नोंदवायचा डावच नाही. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीसमोर शंभरात ८२ वेळा जिंकते, १८ वेळा हरते, त्यात शिकण्यासारखं काही नसतं. गावभर हाच डाव सांगत फिरणारे लोक असतात, त्यांना फिरू द्या.

नोंद अशी: कुठल्या जागेवरून खेळलो, दोघांपुढे किती चिप्स, पॉट (मधे जमलेले पैसे) किती, समोरच्याकडे काय असेल असं मला वाटलं, मी काय केलं, आणि एका वाक्यात कारण. निकाल लिहायचा नाही. आठवड्याने घरी निवांत बसून वाचाल तेव्हा निकाल डोळ्यांसमोर नसला की डोकं सरळ चालतं. निकाल दिसला की जिंकलेला प्रत्येक डाव शहाणपणाचा वाटतो.

एक डाव उलगडून दाखवतो. हा माझ्या नेहमीच्या मित्राचा, पणजीतला. ब्लाइंड १००/२००, दोघांपुढे वीस-वीस हजार. मधल्या जागेवरच्या एका काकांनी ८०० केले. मित्राने बटणावरून (डीलरची जागा, पुढे सगळ्यात शेवटी बोलायला मिळतं) बदामच्या नव्वी-अठ्ठीवर कॉल केला, म्हणजे तेवढेच पैसे लावले, बाकीच्यांनी पानं टाकली. पॉट १९००. फ्लॉप (पहिली तीन उघडी पानं) आला बदाम राजा, बदाम पंजी, किलवर दुर्री. काकांनी १००० लावले, मित्राने कॉल केला. पॉट ३९००. टर्नला (चौथं उघडं पान) इस्पिक राणी, म्हणजे मित्राच्या कामाचं काही नाही. पाच बदाम जमले की फ्लश, त्यासाठी त्याला आणखी एक बदाम हवा. काकांनी ३००० लावले.

आता हिशोब. कॉल केल्यावर पॉट ९९०० होणार, त्यातले ३००० त्याचे. म्हणजे नुसत्या पॉटच्या भावावर कॉल परवडायला शंभरात ३० वेळा जिंकायला हवं. न दिसलेली पानं ४६, त्यात बदाम ९. शंभरात १९-२० वेळाच बदाम येणार. थेट हिशोबाने कॉल तोट्याचा. पण बदाम आला तर रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) काकांकडून आणखी काही मिळेल ना? गणित मांडलं तर बदाम आल्यावर सरासरी आणखी ५४०० रुपये काढता आले तर कॉल बरोबरीत सुटतो. काकांपुढे १५,२०० शिल्लक होते, त्यामुळे ते अशक्य नव्हतं. त्याने वहीत लिहिलं: ‘कॉल. कारण काकांकडे राजा आहे आणि ते राजा सोडणार नाहीत.’

रिव्हरला बदाम आला. काकांनी चेक केलं (पैसे न लावता पाळी सोडली), मित्राने ५००० लावले, काकांनी एक नजर बोर्डवर टाकली आणि पानं डीलरकडे सरकवली.

शीटमध्ये हा डाव फायद्याचा. टेबलावर सगळ्यांनी ‘व्वा’ म्हटलं. वहीत मात्र या डावापुढे आम्ही प्रश्नचिन्ह घातलं, कारण कॉलचं सगळं समर्थन ज्या वाक्यावर उभं होतं, ‘काका राजा सोडणार नाहीत’, तेच हललं. काकांकडे मुळात राजा नसेलही, ते नुसते रेटत असतील. एका डावावरून सांगता येत नाही. पण पुढच्या वेळी त्याच टेबलावर मित्र काकांकडेच बघत बसला, आणि तिसरा बदाम किंवा तिसरं किलवर आलं की काका आक्रसतात हे त्याने आणखी दोनदा टिपलं. तेव्हा अशा माणसासमोर टर्नला पान टाकायचं, आणि उलट तिसरा बदाम आला की आपल्याकडे काहीही नसताना पैसे लावायचे, हे त्याच्या हाती लागलं. अशी एखादी गोष्ट मिळाली की समजा सुधारणा झाली. पैशांच्या आलेखात ती दिसायला अर्धं आयुष्य जाईल.

वहीपेक्षाही मला उपयोगी वाटतं ते एक मोजमाप सांगतो, आणि हौशी खेळाडूंपैकी फार थोडे लोक ते वापरतात. नऊ जणांच्या टेबलावर नीट खेळणारा माणूस पाचातले चार डाव सुरुवातीलाच सोडतो. हा रिकामा वेळ बहुतेकजण फोनमध्ये घालवतात. तुम्ही त्यात दुसऱ्यांचे डाव खेळा. दोघे भिडले आहेत, पैसे लागत आहेत, तेव्हा रिव्हरच्या आधी मनात ठरवा: याच्याकडे वरची जोडी, त्याच्याकडे फ्लशची आशा. पानं उघडली की बरोबर की चूक. बरोबर असेल तर डावीकडच्या ढिगात एक चिप, चूक असेल तर उजवीकडे, एवढी साधी खूणही पुरते. इथे नशिबाचा संबंध जवळजवळ येत नाही. समोरच्याकडे काय होतं हे ठरलेलंच असतं, ते तुम्हाला वाचता आलं की नाही एवढाच प्रश्न. आणि एका बैठकीत पंधरा-वीस वेळा उत्तर मिळतं, ९० वर्षं थांबावं लागत नाही. सुरुवातीला अंदाज फार चुकतील. चार-सहा बैठकांनी निदान ‘याच्याकडे काही नाही’ आणि ‘हा खराच आहे’ यातला फरक कळू लागेल, आणि तुमचे कापणारे हात तिथून थांबतील असं मला मनापासून वाटतं.

अजून दोन गोष्टी लिहून ठेवा. मोठा पॉट हरल्यानंतरच्या अर्ध्या तासात किती डाव खेळलात? एरवी पाचात एक खेळणारा माणूस तेव्हा दोनात एक खेळत असेल तर तो टिल्टवर आहे, म्हणजे हरल्याच्या रागात खेळतोय, त्याला वाटो न वाटो. दुसरं, किती वाजता उठायचं ठरवलं होतं आणि किती वाजता उठलात. रात्री दोननंतरचे डाव वेगळ्या रंगाने लिहून बघा. कारणाच्या रकान्यात ‘बघू या म्हटलं’ हे शब्द कुठे वाढतात ते लगेच डोळ्यांत भरेल. ‘बघू या म्हटलं’ हे कारण नव्हे. बैठकीत असे कॉल कमी होत गेले की तुम्ही पुढे चालला आहात.

आता आत्मविश्वासाबद्दल. तुम्ही लिहिलंय की दिल्ली-बंगळुरूची सराईत मंडळी टेबलावर मोठमोठ्याने बोलतात, चिप्स खेळवतात, आणि तुम्ही आकसून जाता. यातली अर्धी भीती पोकरची नसते, टेबलाच्या रीतीभातीची असते, आणि ती एका संध्याकाळी घालवता येते. रेज करायचं (लावलेली रक्कम वाढवायची) असेल तर आधी तोंडाने ‘रेज’ आणि रक्कम म्हणा, मग चिप्स पुढे करा. काही न बोलता एकच मोठी चिप टाकली तर बहुतेक ठिकाणी तो कॉल धरतात. चिप्स दोन खेपांमध्ये पुढे सरकवल्या तर दुसरी खेप परत करायला लावतात. आपली पाळी येईपर्यंत हालचाल नाही. पानांवर एक चिप ठेवायची, म्हणजे डीलर चुकून ओढून घेत नाही. विचाराला वेळ हवा असेल तर ‘टाइम’ म्हणायचं, कुणी हसत नाही. घरच्या चिप्सच्या डावातही हे सगळं काटेकोर पाळा. मग गोव्याच्या टेबलावर डोकं फक्त पत्त्यांसाठी मोकळं राहतं.

उरलेली अर्धी भीती पैशांची, आणि तिथे धीर गोळा करून उपयोग नाही. वीस हजारांचा बाय-इन (टेबलावर बसताना चिप्ससाठी भरलेली रक्कम) जाताना पोटात गोळा येत असेल तर पोट खरं बोलतंय, रक्कम मोठी आहे. घाबरलेला माणूस चांगल्या पानांवर कमी लावतो आणि वाईट पानांवर चिकटून राहतो, त्यामुळे येतं असलेलं गणितही वापरता येत नाही. अशा वेळी लहान टेबल शोधा, किंवा तिथल्या नियमात बसेल तेवढा लहान बाय-इन घ्या, किंवा त्या फेरीत खेळूच नका, मिरामारला मासे खा आणि घरी या. जी रक्कम गेली तरी घरात सांगताना आवाज बदलणार नाही, तेवढीच टेबलावर.

हे शीटचं खरं काम. ती घरासाठी आहे. तिच्यात नुसतं बाय-इन आणि कॅशआउट (उठताना परत मिळालेली रक्कम) लिहू नका. प्रवास, हॉटेल, प्रवेशशुल्क, डीलरला दिलेली टिप, सगळं येऊ द्या. दर पॉटमधून कॅसिनो रेक (स्वतःचा वाटा) कापतो, तो तुमच्या चिप्समधून आपोआप गेलेलाच असतो. शिवाय पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या रकमेवर आपल्याकडे सरसकट ३० टक्के कर आहे, वर अधिभार-उपकर, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. एका फेरीत चाळीस हजार जिंकून दुसऱ्या फेरीत चाळीस घालवले तर तुमच्या मते हिशोब शून्य, आयकर खात्याच्या मते चाळीस हजारांचं उत्पन्न. एवढं सगळं मांडल्यावर जो आकडा येतो तो या हौसेचा वार्षिक खर्च. ट्रेकिंगवाल्याला बुटांचा आणि गाडीभाड्याचा खर्च येतोच. हा खर्च झेपतो आणि आनंद मिळतो, तर खुशाल खेळा. पोकरमधून घरखर्च भागवायचा विचार मात्र गोव्याला चार फेऱ्या मारणाऱ्याने करू नये, वरचं गणित त्याच्या विरुद्ध आहे.

जागेचंही सांभाळा. गोव्यातले कॅसिनो तिथल्या १९७६च्या कायद्याखाली परवान्याने चालतात. महाराष्ट्रात १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून आहे, त्यामुळे घरच्या डावात तुम्ही पैसे लावत नाही हे अगदी योग्य. ‘चिप्सवर कोण गंभीरपणे खेळतं’ असं मित्र म्हणतात ना? रात्रीच्या शेवटी सगळ्यात कमी चिप्सवाल्याने पुढच्या वेळी मिसळ करायची, असं काही ठरवा. लोक बरे खेळू लागतात.

आणि एक गोष्ट वडीलकीच्या नात्याने. शीट भरताना एखादी तोट्याची फेरी लिहायची टाळाविशी वाटली, बायकोला रक्कम कमी करून सांगितली, किंवा हरलेले परत मिळवायला ठरल्याच्या आधीच गोव्याची तिकिटं काढली, तर वही, अंदाज, टक्के हे सगळं बाजूला ठेवा आणि खेळणं थांबवा. एकट्याने थांबवता येत नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. मराठीतही बोलता येतं. या खेळावर माझं प्रेम आहे म्हणूनच हे लिहितोय. चांगली, हुशार माणसं यात वाहून जाताना मी पाहिली आहेत.

शेवटचा प्रश्न, मोठ्या टेबलावर कधी. पैशांच्या आकड्यावरून ठरवू नका, कारण तो काही सांगत नाही हे आपण पाहिलं. तीन-चार बैठकांच्या वहीत प्रत्येक मोठ्या निर्णयाला कारण लिहिलेलं सापडलं, दुसऱ्यांच्या पानांचा अंदाज निम्म्याहून जास्त वेळा बरोबर येऊ लागला, आणि मोठ्या टेबलाचा एक पूर्ण बाय-इन गेला तरी घरात काही बिघडणार नाही, अशी स्थिती आली की एकदा बसून बघा. एकच बाय-इन, एकच बैठक. गेला तर दुसरा काढायचा नाही, १००/२००ला परत यायचं, आणि त्या टेबलावरचे पाच डाव तिथल्या तिथे वहीत उतरवून घ्यायचे. मोठ्या टेबलावर लोक टर्नला कसे लावतात हे पुन्हा लहान टेबलावर बसल्यावर चटकन विसरायला होतं.